हसणं तेवढं राहिलं

शाद्रेकला पुरून चार महिने झाले होते आणि ओनायस अजून त्याचा कोट घालून फिरत होता.

कोट अंगावर चढवण्यात गैर काही नव्हतं. ओनायस हा शाद्रेकच्या घराण्याचा साहविरा. म्हणजे पिढीजात मित्र. ओनायसचा बाप शाद्रेकच्या बापाचा साहविरा होता आणि आजा आज्याचा. दोघांची देवकं वेगळी. ओनायसचं माकड, म्हणून लोक त्याला ‘सोको’ म्हणत. शाद्रेकचं मोठं रानहरीण, म्हणून तो ‘म्होफू’. रक्ताचं नातं नसल्यामुळे रक्ताच्या माणसांना जे बोलता येत नाही ते सगळं साहविऱ्याने बोलायचं. कुणाचाही चारचौघांत पाणउतारा करायचा, कुणाच्याही ताटातलं मटण उचलायचं, आणि घरात मयत झालं की मेलेल्याचेच कपडे घालून त्याची हुबेहूब नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. हे त्याचं कामच. नाही केलं तर लोक नावं ठेवतात.

ओनायसने ते असं केलं होतं की साकुब्वा वस्तीत अजून विषय निघायचा. शाद्रेक एकतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवत होता. तपकिरी कोट, डोक्यावर हॅट, कानावर पिवळी पेन्सिल. ओनायस तसाच नटून अंगणात आला, दोनदा खाकरला, शवपेटीपाशी वाकला, तिच्या सांध्यावर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, “मापात आहे का?”

शाद्रेक जन्मभर हेच विचारत आला होता. खुर्चीबद्दल, ताटातल्या, मक्याचं पीठ घाटून केलेल्या साद्झाबद्दल, पाद्रीबाबाच्या प्रवचनाबद्दल. बायकांनी एकमेकींच्या गळ्यात पडून हसून घेतलं. दोन दिवस चटईवर भिंतीकडे तोंड करून पडलेली त्याची विधवा युनिस उठून बसली, रुमालाचा बोळा तोंडात कोंबून हसली आणि मग पहिल्यांदा नीट रडली.

अंगणातून निघताना शाद्रेकच्या म्हाताऱ्या आत्याने ओनायसचा हात धरला.

“सगळं अगदी तस्सं होतं बाबा. त्याचं ते हसणं तेवढं राहिलं.”

“वेळ नव्हता, आत्या,” ओनायस म्हणाला.

कोट त्याच संध्याकाळी परत द्यायचा असतो. ओनायस म्हणाला, धुऊन देतो. मग म्हणाला, एक बटण सैल आहे, टाके घालून देतो. मग कुणी विचारलं नाही आणि त्यानेही विषय काढला नाही.

पहिल्या आठवड्यातच तो चहात सहा चमचे साखर घालायला लागला.

“अहो, तुम्ही बिनसाखरेचा पिता ना?” त्याची बायको लोइस म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“तीस वर्षं मी करतेय चहा.”

“मग तीस वर्षं चुकलंच तुझं,” असं म्हणून ओनायस ढवळत बसला. सहा चमचे साखर म्हणजे शाद्रेकचा चहा, हे लोइसलाही ठाऊक होतं. तिने साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला. माणूस गेला की कुणी काय धरून बसतं, कुणी काय. साखर तर साखर.

साखरेमागून खाकरणं आलं, दोनदा, बोलण्याआधी. जूनमध्ये तो बसताना पॅंट गुडघ्यांशी चिमटीत धरून वर ओढायला लागला. मग कानावर पेन्सिल आली. ओनायसचा धंदा सोफ्याला कापड चढवायचा. बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान. तिथे पेन्सिलीचं काही काम नसतं, खिळे लागतात, आणि ते तो जन्मभर ओठांत धरत आला होता. आता गिऱ्हाइकाने सोफा आणला की तो आधी फूटपट्टी काढायचा.

“ही बाजू पाव इंच कमी आहे.”

“बाबा, मी कापड बदलायला आणलाय.”

“सांगाड्याचंच माप चुकलंय. वर कापड घालून काय करू?”

ऑगस्टपर्यंत दुकानात सात सोफे नुसते सांगाडे होऊन उभे होते. कापड काढलेलं, कापूस काढलेला, स्प्रिंगा वर आलेल्या. गिऱ्हाइकं येत, बघत, वाद घालत आणि जात. ओनायसच्या मते काम व्यवस्थित चाललं होतं. रात्री झोप येत नाही, त्याला गरमी जबाबदार होती. जून-जुलैच्या ऐन थंडीतही त्याचं हेच म्हणणं होतं.

दर शनिवारी तो युनिसच्या घरी जायचा आणि दारांच्या बिजागऱ्या तपासायचा. त्या शाद्रेकने स्वतः बसवल्या होत्या, त्यांना काय धाड भरणार होती? तरी तो एकेक दार उघडमीट करून बघायचा आणि मग शाद्रेकच्या खुर्चीत बसायचा. पहिल्या महिन्यात युनिसने समोर बसून गप्पा मारल्या. दुसऱ्या महिन्यात ती चहा देऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली. तिसऱ्या महिन्यात चहा ओसरीवरच्या स्टुलावर ठेवलेला असायचा, झाकण घालून. ऑगस्टच्या एका शनिवारी फाटकाला कुलूप होतं. आतला पडदा हलला. फाटकाची कडी जरा खाली आलीय, एवढी नोंद घेऊन ओनायस घरी आला.

त्याआधी जुलैमध्ये ती म्हातारी आत्या वारली, हसणं राहिलं म्हणणारी. साहविरा सबंध घराण्याचा असतो, तेव्हा आत्याची नक्कल ओनायसलाच करायची होती. आत्या सोपी होती. पाठीत वाकलेली, हातात तपकिरीची डबी, सगळ्या जगाला शिव्या. ओनायसने तिचा रुमाल डोक्याला बांधला, डबी हातात घेतली, वाकला आणि अंगणात आला. लोक आधीच हसायला लागले होते. तो दोनदा खाकरला.

“मापात आहे का?” तो म्हणाला.

लोक हसले, पण जरा थांबून. ही काहीतरी नवी गंमत असावी. ओनायस पुन्हा फाटकापर्यंत मागे गेला आणि पुन्हा आला. पुन्हा दोनदा खाकरला. तिसऱ्या खेपेला कुणी हसलं नाही आणि कुणाचं तरी मूल रडायला लागलं. लोइस बायकांमधून उठली आणि परक्याच्या मक्यात शिरलेल्या बकरीला आणावं तसं तिने त्याला कोपराला धरून बाहेर आणलं.

“कुठे नेतेस?”

“घरी.”

“अगं, आत्या करायची राहिलीय अजून.”

“राहू दे. चला.”

घरी तिने त्याला पायरीवर बसवलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि विचारलं, “काय होतंय तुम्हाला?”

“काही नाही.”

सांगण्यासारखं एकच होतं आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

शाद्रेक गेला त्या गुरुवारी सकाळी अकराला त्याचा ओनायसला फोन आला होता. ओनायसच्या ओठांत खिळे, समोर अर्धा झालेला सोफा.

“सोको, छातीत आवळल्यासारखं होतंय रे. ये, दवाखान्यात ने मला.”

आता हे दोघं चाळीस वर्षं एकमेकांना चेष्टेत मारत आलेले. ओनायसच्या लग्नात शाद्रेकने भर मांडवात टेप काढून शवपेटीसाठी त्याचं माप घेतलं होतं, ते आकडे दुकानाच्या भिंतीवर अजून आहेत. शाद्रेकच्या पन्नाशीला ओनायसने कबरीवर ठेवायचं फुलांचं चक्र पाठवलं होतं. साहविऱ्यांत मरणाची गोष्ट निघाली की चेष्टाच करायची, दुसरं काही बोलणं म्हणजे अपमान.

“दोन वाजेपर्यंत तग धर,” ओनायस म्हणाला. “सोफा पोचवायचाय. दोनला फावडं घेऊनच येतो.”

शाद्रेक हसला. “स्वतःचं आण. माझं नेलेलं अजून परत केलं नाहीस,” म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन वाजता ओनायस खरंच खांद्यावर फावडं टाकून गेला. चेष्टा करायची तर पुरती करावी. फाटकाशी पोचला तेव्हा आत बायकांनी हंबरडा फोडलेला होता. लोकांना वाटलं, साहविरा आहे, बातमी कळताच कबर खणायला फावडं घेऊन धावत आला. दोघातिघांनी कौतुकही केलं.

लोइसला हे ठाऊक नव्हतं, पण एवढं तिला कळलं की हे साखरेवर भागणारं प्रकरण नाही. पुढच्या आठवड्यात ती डोक्याला चांगला रुमाल बांधून रोज कुठे ना कुठे जाऊन आली, आणि जेवताना त्यालाच सगळं ऐकवलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

“चर्चच्या वडीलधाऱ्यांकडे गेले होते. म्हटलं, तुम्ही समजवा. तर म्हणाले, असलं तोंडावर सांगणं साहविऱ्याचं काम.”

“बरोबर आहे,” ओनायस म्हणाला.

“तुमच्या भावाकडे गेले. तो म्हणाला, मी कसा बोलू, साहविऱ्याला सांगा.”

“बरोबर आहे.”

“मग दवाखान्यात गेले. नर्स म्हणाली, नेहमी येणारी आहेत अशी माणसं. अति विचार साचला की होतं असं. आंब्याखाली बाकड्यावर अंबुया गोन्दो बसतात, शिकलेल्या आहेत त्या कामात, आजीबाईच आहेत आपल्यातल्या. त्यांच्याशी बोलायचं. पण तुम्ही आपल्या पायांनी यायला हवं.”

“बाकडं कुणी केलंय?”

“मला काय माहीत!”

“मापात आहे का?”

लोइसने हातातला साद्झाचा घास ताटात ठेवला. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती. “तुमचा साहविरा कोण, सांगा ना. मी त्याच्याकडे जाते. आत्ता जाते.”

“शाद्रेक,” ओनायस म्हणाला.



सप्टेंबरात शाद्रेकचे कपडे वाटायचा दिवस ठरला. शनिवार, सकाळी नऊ. मेलेल्याची वस्त्रं भाच्यांच्या हातून नातलगांत वाटली की त्याचं इथलं काम संपलं, असं असतं ते. युनिसकडून निरोप आला, कोट आणि हॅट घेऊन या. ओनायस दोन्ही घेऊन गेला, म्हणजे घालून गेला.

अंगणात चटईवर शर्ट, पॅंट, बुटांचे दोन जोड, एक स्वेटर असा ढीग होता. सगळे भोवती बसले होते. ओनायसने पॅंट गुडघ्यांशी वर ओढली आणि तो खुर्चीत बसला. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

तेवढ्यात घरातून सेकाई बाहेर आली. शाद्रेकची थोरली, वय अठ्ठावीस, बसच्या डेपोत पार्सलच्या खिडकीवर कामाला, आणि तिच्या तोंडाची तिथल्या ड्रायव्हरांनाही भीती. तिच्या अंगात निळा एप्रन होता. ओनायसने तो लगेच ओळखला, कारण तो त्याच्याच दुकानातला होता, लोइसने दिल्याशिवाय मिळणारा नव्हता. वर कुणाचा तरी तपकिरी कोट. ओठांत खिळे.

ती अंगणात आली. हात मांड्यांना पुसले, एकदा पुढून, एकदा मागून. ओनायस असेच पुसायचा. मग काहीतरी आठवल्यासारखी दचकली, खिळे ओठांतून काढून खिशात टाकले, कानावर पेन्सिल खोचली आणि दोनदा खाकरली. बसायला गेली, अर्ध्यात पुन्हा आठवलं, उठली, पॅंट वर ओढली, मग बसली. लटक्या चहात साखर घालायला घेतली, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, घोट घेतला आणि तोंड असं केलं की अख्खं अंगण फुटलं. बिनसाखरेचा पिणाऱ्या माणसाचं तोंड होतं ते.

ओनायसही हसला. काम चोख होतं, दाद द्यायलाच हवी. मग त्याच्या लक्षात आलं की ही शाद्रेकची नक्कल नाही.

“कोण हा?” सेकाईने लोकांना विचारलं.

“सोको!” लोक ओरडले.

“छे! सोको कुठला? सोको मेला. बाबांच्याच आठवड्यात मेला. चार महिने झाले, कुणी पाहिलाय त्याला? कुणी रडलं नाही, कुणी पुरलं नाही, नक्कल करायलाही कुणी आलं नाही. म्हटलं, आपणच करावी.”

आता कुणी हसत नव्हतं. ती त्याच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

“ओनायस, ऊठ.”

“अगं ए!” एक काका म्हणाले. “बापाच्या वयाचा आहे तो. अहो-जाहो कर.”

“बापाचं साहविरापण माझ्याकडे आलंय, काका. शर्ट तुमच्याकडे येणार, बूट मामाकडे, आणि हे माझ्याकडे. तेव्हा मी याला अरे म्हणणार आणि हा ऐकून घेणार. कोट काढ, ओनायस.”

“बटण सैल आहे,” ओनायस म्हणाला.

“मे महिन्यापासून सैल आहे. काढ.”

ओनायसने बटण मुठीत धरलं. त्याला भीती वाटली. कोट गेला की मागे उरणारा माणूस तो फोन घेतलेला माणूस होता, आणि त्याच्याबरोबर एकटं राहायची ओनायसची तयारी नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. साहविऱ्याला आडवं कुणी जात नाही. एवढी वर्षं हे त्याच्या सोयीचं होतं.

त्याने कोट काढला. मग हॅट, मग पेन्सिल. आत शर्ट खांद्यांवरून लोंबत होता आणि पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं होती. चार महिने कोटाखाली काय चाललंय हे लोइस सोडून कुणाला दिसलं नव्हतं.

युनिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“शनिवारी फाटकाशी खाकरणं ऐकू आलं की मी चहा टाकायला उठायचे, भावजी. ते गेलेत हे माहीत असून उठायचे. दरवेळी. म्हणून कुलूप लावलं.”

हे ओनायसला सुचलं नव्हतं. इतक्या शनिवारांत एकदाही नाही. तो काही बोलायला गेला, सवयीने एकदा खाकरला, आणि दुसऱ्यांदा खाकरायच्या आत तोंडावर हात ठेवून बसला.

“मंगळवारी दवाखान्यात जायचं,” सेकाई म्हणाली. “बाकड्यावर. मी येते सोबत, आणि जाताना वाटभर तुझी टिंगल करणार आहे.”

तिने शब्द पाळला. मंगळवारी साकुब्वापासून दवाखान्यापर्यंत तिने त्याच्या चालीवर, टकलावर, सात सोफ्यांवर आणि लोइसने त्याच्यात काय पाहिलं या प्रश्नावर सविस्तर भाषण केलं. ओनायसने दोनदा उलट उत्तर दिलं, आणि दोन्ही उत्तरं शाद्रेकची नव्हती. दवाखान्याच्या फाटकाशी तिने मक्याच्या लाह्यांची पुडी घेतली आणि ती पलीकडे भिंतीच्या सावलीत जाऊन बसली.

अंबुया गोन्दो आंब्याखाली बसल्या होत्या. सत्तरीच्या, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर प्रश्नांचा कागद. ओनायस शेजारी टेकला तसं बाकडं कललं. त्याचा हात आपोआप फळीखाली सांधा चाचपायला गेला.

“डुगडुगतं,” अंबुया म्हणाल्या. “मला माहितीय. बसा तुम्ही. झोप लागते का?”

“गाढ झोपायचा तो. घोरायचा.”

“कोण?”

“शाद्रेक.”

अंबुयांनी कागदावर काही लिहिलं नाही. “जेवण जातं का?”

“साद्झाची वरची साय आधी खायचा. मग खालचं.”

“असं. आणि तुम्ही सोको ना? तुम्ही कोणत्या बाजूने खाता?”

ओनायसने बोटांनी हवेत घास मोडला, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.  अंबुयांना घाई नव्हती. लसीकरणाच्या रांगेतली पोरं आळीपाळीने रडत होती. बऱ्याच वेळाने तो फोनबद्दल बोलायला लागला. अकरा वाजले होते तिथून सुरुवात केली. ओठांतले खिळे, सोफा, फावडं, सगळं क्रमाने सांगितलं.

“मग ते काय म्हणाले?”

“हसला.”

“कसे?”

ओनायसने तोंड उघडलं. अंगणभर माणसांना हसवून वेडं करणाऱ्या त्या तोंडातून काही आलं नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. भिंतीशी सेकाईचं लाह्या खाणं थांबलं होतं.

“बाकी सगळा शाद्रेक मला येतो, अंबुया,” तो म्हणाला. “चाल, खाकरणं, बोट कसं उगारायचा ते. हे हसणं येत नाही. चार महिने झाले, मी दुकानात एकटा असलो की करून बघतो. नाही येत.” मग तो रडायला लागला. जोरात, लसीच्या रांगेतल्या बायका वळून बघतील इतक्या जोरात. “हसला ना तो. हसला, म्हणून मला वाटलं बरा आहे.”

अंबुया गोन्दो डुगडुगत्या बाकड्यावर त्याच्या बाजूला सरकल्या. त्यांनी त्याला गप्प राहा म्हटलं नाही. तो आपसूक शांत झाल्यावर त्यांनी कागद पुन्हा मांडीवर सरळ केला.

“पहिल्यापासून विचारते,” त्या म्हणाल्या. “झोप लागते का?”

“नाही,” ओनायस म्हणाला.